भोकं पडलेली, झिजलेली चांदीची नाणी आणि माझा 0.01 ग्रॅमवाला डिजिटल काटा: तीन वर्षं वापरून लिहितोय

खिशात मावेल एवढा डिजिटल काटा आहे, 200 ग्रॅमपर्यंत वजन घेतो, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवतो, दोन बारीक सेलवर चालतो आणि झाकण उलटं केलं की त्याचंच पारडं होतं. असे काटे ढिगाने मिळतात, माझा काही त्यातला खास नाही. पण गेली तीन वर्षं मी एकही चांदीचं नाणं या काट्यावर ठेवल्याशिवाय घ्यायचं ठरवलेलं नाही. आणि माझ्यासारखा जो भोक पडलेली, कडी झाळलेली, ठोकलेली, घासलेली पण दुर्मिळ अशी नाणी जमवतो त्याच्यासाठी यापेक्षा उपयोगाची वस्तू मला तरी माहीत नाही, भिंगसुद्धा माझ्या मते दुसऱ्या नंबरवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे, की खराब नाणी का घ्यायची. साधं उत्तर म्हणजे ती नाणी मला हातात हवी असतात आणि चांगल्या अवस्थेतली कधीच परवडणार नाहीत. आता 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या, राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, आरडाओरडा झाला, साधारण 94 लाख पाडले होते त्यातले जेमतेम 7 लाख बाहेर पडले आणि बाकीचे वितळवले, 1912 पासून हत्ती नीट करून नवीन छाप आली. हा रुपया डागाशिवाय मिळवायचा म्हणजे माझ्यासारख्याने फोटोच बघत बसायचं. पण त्याच रुपयाला कुणीतरी गळ्यात घालायला भोक पाडलेलं असलं की भल्याभल्यांचा रस संपतो. माझा तिथे सुरू होतो, कारण हत्ती तर तोच आहे ना, वर्ष तेच आहे. तसंच अमेरिकेचा 1893 चा एस अक्षरवाला (म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा) मॉर्गन डॉलर, फक्त 1 लाख पाडले. किंवा 1916 चा डी अक्षरवाला (डेन्व्हर टांकसाळीचा) डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, 2 लाख 64 हजार. ही नाणी धड, पूर्ण बघायला मिळणं वेगळं आणि एखादं ओरखडलेलं, बोथट झालेलं का होईना आपल्या डबीत असणं वेगळं.

पण खराब नाण्यात एक अडचण आहे जी चांगल्या नाण्यात नसते. चांगल्या नाण्याचं वजन पुस्तकातल्या वजनाशी जुळवायचं, जुळलं की पहिली परीक्षा पास. खराब नाण्याचं वजन कधीच जुळत नाही. ते कमीच असणार, भोकाने गेलेलं, घासून गेलेलं, कानस मारून गेलेलं. मग किती कमी चालेल? आणि खोटं नाणं पण बहुतेक वेळा वजनाला कमीच असतं. विकणारा म्हणणार "अहो भोक आहे ना, म्हणून हलकं आहे", आणि आपण मान डोलावणार. मी पण डोलावली आहे.

तो किस्सा काटा घेण्याआधीचा. एक ट्रेड डॉलर घेतला होता, अमेरिकेने 1873 पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेलं मोठं नाणं, 90 टक्के चांदी, वजन 27.22 ग्रॅम. चिनी व्यापारी नाणं हातात आलं की तपासायचे आणि आपला छोटा ठसा मारून पुढे द्यायचे, त्याला चॉपमार्क म्हणतात. माझ्या नाण्यावर असे सहा-सात ठसे होते, एका बाजूला तर देवीचा चेहराच ठशाखाली गेलेला, आणि ठसे आहेत म्हणजे तेव्हाच्या लोकांनी तपासूनच घेतलंय असं समजून मी अगदी निश्चिंत झालो. नंतर काटा आला तेव्हा पहिलं तेच नाणं ठेवलं. 23.61. पुन्हा ठेवलं, 23.61. साडेतीन ग्रॅम कुठल्याही झिजण्याने जात नाहीत, निदान ज्या नाण्याच्या कडेच्या खाचा अजून बोटाला टोचतात त्याचे तर नाहीतच. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी "फोटो बघूनच घेतलंत ना तुम्ही" म्हणून हात वर केले. खोटं पाडणारे चॉपमार्क पण खोटे मारतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते नाणं मी ठेवून दिलंय, काटा तपासायला आणि नवीन लोकांच्या हातात द्यायला.

आता काट्याबद्दल. आकडा स्थिर यायला दोन-तीन सेकंद लागतात. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो, पंखा बंद करा, नाहीतर चारही बाजूंनी काहीतरी आडोसा लावा. मोबाईल अगदी चिकटून ठेवला तरी माझ्या काट्याचा आकडा हलतो, वीतभर लांब ठेवला की ठीक. पारडं धातूचं आहे, त्यावर नाणं टणकन टाकू नका, मी पातळ मऊ कापडाचा तुकडा ठेवतो आणि वजन शून्य करायचं बटण दाबतो मग नाणं ठेवतो. पिवळा उजेड आहे आकड्यामागे, डोळ्यांना बरा वाटतो. नगमोजणीचं बटण आहे त्याला मी कधी हात लावला नाही.

मला सगळ्यात राग कशाचा येतो तर एक मिनिट काही केलं नाही की काटा आपोआप बंद होतो. साधं वजन करताना काही वाटत नाही पण पाण्याची परीक्षा (ती पुढे सांगतो) करताना, एका हातात दोरा, दुसऱ्या हाताने ग्लास सरळ करतोय, तेवढ्यात स्क्रीन काळी, परत चालू केलं की ग्लाससकट शून्य धरतो आणि मग सगळं पहिल्यापासून. सेल वाचवायला केलंय हे कळतं पण ही सोय बंद करायचा काहीतरी मार्ग द्यायला हवा होता. आता मी मधे मधे पारड्याच्या कडेला बोट टेकवतो, तेवढ्याने जागा राहतो.

दुसरी तक्रार म्हणजे जोडीला न आलेलं वजन. काटा जुळवायला 100 ग्रॅमचं वजन लागतं आणि ते डब्यात नव्हतं. वेगळं घ्यावं लागलं. आणि फक्त 100 ग्रॅमला जुळवून भागत नाही, माझा काटा 100 वर बरोबर 100.00 दाखवत होता पण 2 ग्रॅमचं वजन ठेवलं तर 1.98. चांदीच्या बारक्या नाण्यात 0.02 म्हणजे थोडं नाही. म्हणून 1, 2, 5, 10 ग्रॅमची छोटी वजनं असलेला संच पण घ्या, चिमट्याने उचला, हाताने उचलून घाम लावू नका, आणि मोठं काही ठरवायच्या आधी जवळच्या वजनाचं एक ठेवून बघा.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी हा काटा माझ्या मते खराब नाण्यांसाठीच बनलाय ती गोष्ट म्हणजे पाणी. नाण्यातून किती धातू गेला हे वजनाला कळतं, पण जो उरलाय तो कसला आहे हे घनता सांगते, आणि घनतेला भोकाशी काही देणंघेणं नाही. अर्धं कापलेलं नाणं असलं तरी त्याची घनता पूर्ण नाण्याएवढीच येणार. हे डोक्यात बसलं त्या दिवशी मला खरंच एवढा आनंद झाला, कारण "भोक आहे म्हणून हलकं आहे" हे वाक्य तिथेच संपतं.

करायचं असं. काट्यावर छोटा प्लॅस्टिकचा ग्लास ठेवा, अर्धा-पाऊण भरेल एवढं डिस्टिल्ड पाणी घाला, शून्य करा. नाण्याचं कोरडं वजन आधीच लिहून ठेवलेलं असू द्या. मग अगदी बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात सोडा, पूर्ण बुडालं पाहिजे पण तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, हाताने धरायच्या ऐवजी वर आडवी काडी ठेवून तिला दोरा बांधला तर जास्त चांगलं (काडी ग्लासवर टेकवू नका, बाहेरच्या दोन पुस्तकांवर टेकवा, नाहीतर नाण्याचं अख्खं वजनच काट्यावर येईल). आता काटा जे दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागायचं, झाली घनता.

माझ्या 1911 च्या रुपयाचंच सांगतो. पूर्ण रुपया 11.66 ग्रॅमचा, माझा भरला 11.31. भोक साधारण अडीच मिलिमीटरचं आहे आणि रुपयाची सरासरी जाडी दीड मिलिमीटर धरली तर त्या भोकातून गेलेली चांदी जेमतेम 0.08 ग्रॅम. लोकांना वाटतं भोकाने खूप वजन जातं, अजिबात नाही, तीन मिलिमीटरचं मोठं भोक असलं तरी 0.11 च्या आसपास. म्हणजे माझ्या नाण्यातले उरलेले पाव ग्रॅमच्या वर काहीतरी नुसते झिजून गेलेत, आणि नाणं बघितलं तर ते पटतं, राजाच्या कानावरचे केस सपाट झालेत. पाण्यात सोडल्यावर काटा 1.10 वर थांबला. 11.31 भागिले 1.10 म्हणजे 10.28. शुद्ध चांदी 10.49, तांबं 8.96, आणि या रुपयातल्या 91.7 टक्के चांदीचा हिशोब केला तर 10.34 यायला हवं. काट्याचा शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तरी 0.1 चा फरक पडतोच, त्यामुळे 10.28 म्हणजे अगदी घरात. त्या ट्रेड डॉलरने 2.64 ग्रॅम पाणी सारलं होतं, घनता 8.94, वरून पातळ चांदी आणि आत जवळपास तांबंच. एकदा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा, नाणं बोलतं म्हणजे काय ते कळेल.

अजून एक उदाहरण कारण ते नुसत्या वजनावर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 1940 पासून 50 टक्के चांदीचा झाला पण वजन तेच ठेवलं, 11.66. म्हणजे कोरड्या काट्यावर 1939 चा आणि 1940 नंतरचा सारखेच. पाण्यात मात्र जुना 1.13 सारतो आणि नवा 1.22 च्या आसपास. 1939 चा रुपया दुर्मिळ असल्यामुळे त्यावर आकडा खोदून बदलायचे उद्योग होतात, तेव्हा धातू कुठल्या काळातला आहे एवढं तरी घरबसल्या कळतं. वर्ष खरं का खोदलेलं ते यातून कळणार नाही, त्याला भिंगच.

बुडबुडे. हा एक शब्द तीनदा लिहायला हवा. भोकात हवेचा बुडबुडा अडकतो, अक्षरांच्या कोपऱ्यात अडकतात, आणि एवढासा बुडबुडा पण नाण्याची घनता कमी दाखवतो आणि आपण खऱ्या नाण्याला खोटं म्हणून परत पाठवतो. नाणं सोडल्यावर दोरा हलकेच झटका, भिंगाने भोकाकडे बघा, आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातला तर बुडबुडे फारसे धरत नाहीत. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढून टिपकागदावर ठेवा. पुसू नका, घासून कोरडं करणं म्हणजे नवीन ओरखडे.

याच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. बारक्या नाण्यांना ही परीक्षा जमत नाही, 2.5 ग्रॅमचा डाइम फक्त 0.24 पाणी सारतो, त्यात 0.01 चुकलं की घनता 10.0 पासून 10.9 पर्यंत कुठेही येते, काय कळणार त्यातून. त्यासाठी 0.001 ग्रॅमवाला काटा लागतो. आणि 1916 च्या डाइमची खरी फसवणूक वेगळीच असते, साध्या खऱ्या डाइमवर डी अक्षर चिकटवतात, तिथे चांदी खरी, वजन खरं, घनता खरी, काटा सगळ्याला हो म्हणणार. समुद्रातून काढलेल्या नाण्यांचंही तसंच, म्हणजे 1622 मध्ये बुडालेल्या आतोचा या स्पॅनिश जहाजावरच्या आठ रिआलच्या चांदीच्या नाण्यांसारख्या, त्यांच्यावर जो काळा थर असतो तो चांदीपेक्षा हलका, आत पोकळ्या पण असतात, घनता कमी येते आणि नाणं तरी खरंच असतं.

कडी काढलेल्या नाण्यांबद्दल थोडं वेगळं. माझ्या ओळखीत एक काका आहेत, चाळीसेक वर्षं नाणी हाताळतायत, त्यांना काही दाखवायला नेलं की वर्ष विचारत नाहीत, आधी वजन विचारतात. एकदा एक रुपया नेला, चेहरा बऱ्यापैकी घासलेला, आणि मी उत्साहाने म्हणालो, "काका, वजन बघा, 11.71, पूर्ण भरतोय." ते म्हणाले, "अरे, झिजलेलं नाणं भरल्या वजनाचं कसं असेल? कड बघ आधी." भिंग लावलं तर राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर चार मिलिमीटरभर कडेच्या खाचाच नाहीत, तिथे करडा, जरासा फुगीर पट्टा. कडी झाळलेली होती, कडी काढली पण झाळ तशीच राहिली. एवढ्या झिजलेल्या रुपयाच्या वजनापेक्षा जास्तीचा तो साधारण तीन दशांश ग्रॅम झाळीचा. गंमत म्हणजे नंतर पाण्यात घालून बघितलं तर घनता 10.27 आली, म्हणजे पाण्याने यात काहीच सांगितलं नसतं, झाळ थोडीशीच असल्यामुळे ती एकूण आकड्यात विरघळून गेली. इथे कोरडं वजनच कामाला आलं. तेव्हापासून मी दोन्ही करतो, आणि वजन कमी असण्याएवढाच जास्त असण्याचा संशय घेतो. चांदीनेच भोक बुजवून वर परत कोरलेलं असेल तर मात्र काटा, पाणी दोन्ही गप्प बसतात, फक्त तिरक्या उजेडात भिंगाने बघितलं की बुजवलेल्या जागेची चकाकी वेगळी दिसते.

खराब नाणी तपासून सीलबंद करून देणाऱ्या संस्था आहेत, पीसीजीएस, एनजीसी वगैरे, त्या अशा नाण्यांना आकड्याचा ग्रेड देत नाहीत, डिटेल्स असं लिहून पुढे कारण देतात, भोक, घासलेलं, दागिन्यातून काढलेलं. महागाच्या नाण्याला ते करावंच. पण प्रत्येक नाणं काही तिथे पाठवता येत नाही, आणि घ्यायचं का नाही हे तर पाठवायच्या आधी ठरवायचं असतं, तिथे हा काटाच सोबतीला.

आणि प्रत्येक भोक खराबी नसते बरं का. 1813 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मॅक्वारी नावाच्या गव्हर्नरने 40 हजार स्पॅनिश डॉलर घेऊन मधला तुकडा पाडून काढला आणि एका नाण्याची दोन केली, बाहेरची कडी पाच शिलिंगला आणि मधला गोळा पंधरा पेन्सला. त्यातल्या कड्या जगात तीनशेच्या आसपासच उरल्यात असं मानतात. तिथे भोक हेच नाणं. प्राचीन अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांवर छिन्नीने घातलेले घाव असतात, आत तांबं तर नाही ना हे बघायला तेव्हाच्याच लोकांनी घातलेले. मला असा घाव घातलेलं नाणं न घातलेल्यापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यांना जो प्रश्न पडला होता तोच मला पडतो, फक्त मला आता नाणं कापावं लागत नाही.

काट्याला पाचपैकी चार. एक गुण आपोआप बंद होण्याचा कापला. सेल तीन वर्षांत दोनदाच बदलले. कुणी नवीन घेत असेल तर फक्त 0.1 पर्यंत दाखवणारा घेऊ नका, तो आपल्या उपयोगाचा नाही, आणि पारडं एवढं तरी मोठं असू द्या की ग्लास नीट मधोमध बसेल.

सध्या काट्यावर आहे एक इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिलिंग, यॉर्क टांकसाळीचा, ढालीपाशी एबोर (यॉर्कच्या लॅटिन नावातली) ही अक्षरं अजून वाचता येतात. पूर्ण असता तर 6 ग्रॅमच्या आसपास, हा 4.38. झिजलेला नाही, राजाची दाढीसुद्धा स्पष्ट आहे, पण भोवतीची अक्षरं गोल फिरत कापून नेलीत, कात्रीने एकेक चिंधी काढावी तशी. इंग्लंडात हातोड्याने पाडलेली चांदी लोकांनी एवढी कातरली की 1696 मध्ये सगळी गोळा करून नव्याने पाडावी लागली, त्याच वर्षी न्यूटन टांकसाळीवर आला. हा कसा काय त्या भट्टीतून सुटला कोण जाणे. पाण्यात 0.42 आणि 0.43 च्या मधे आकडा हलतोय, म्हणजे 10.2 ते 10.4, चांदी बरोबर आहे. गेलेले दीड ग्रॅम कुणाच्या तरी मुशीत वितळले असणार, आणि उरलेले 4.38 मी आत्ता वहीत लिहून घेतले.